विश्लेषण : घटस्फोटाचा कायदा अजूनही दोषीच शोधतो

१९६३ मध्ये विवाहबद्ध झालेले एक दाम्पत्य. पती हवाई दलात अधिकारी, पत्नी शिक्षिका. १९८४ पासून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि १९९६ मध्ये पतीने घटस्फोटासाठी अर्ज केला. हा अर्ज जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत सर्वोच्च न्यायालयात अंतिमतः निकाली निघाला, तेव्हा २०२३ चा ऑक्टोबर उजाडला होता. पतीचे वय त्या वेळी ८९ होते आणि पत्नीचे ८२. न्यायालयाने घटस्फोट नाकारला. आयुष्याच्या अखेरीस आपल्या नावापुढे 'घटस्फोटिता' हा शब्द लागू नये, ही त्या वृद्ध स्त्रीची भावना न्यायालयाने मान्य केली.

याच्या पाच महिने आधी, १ मे २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने वेगळ्या दिशेचा निर्णय दिला होता. विवाह पूर्णपणे आणि कायमचा मोडला असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील विशेषाधिकार वापरून, एका जोडीदाराची संमती नसतानाही, सर्वोच्च न्यायालय तो संपुष्टात आणू शकते, असे घटनापीठाने स्पष्ट केले. ऑक्टोबरचा निकाल देणाऱ्या खंडपीठासमोर हा निर्णय होताच. परंतु हा अधिकार सरसकट सूत्रासारखा वापरता येणार नाही, असे त्या खंडपीठाचे म्हणणे पडले.

दोन्ही निकालांना आपापले तर्क आहेत. मात्र ते एकत्र वाचले की भारतीय घटस्फोट कायद्यातील मूळ दरी समोर येते. संसार संपला आहे, एवढे सत्य न्यायालयासमोर मांडून सुटका मागण्याचा हक्क सामान्य पक्षकाराला आजही नाही. समोरच्याची संमती नसेल तर त्याला जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागतो. या प्रक्रियेत पैसा आणि वर्षे खर्च होतातच, शिवाय उरलीसुरली माणुसकीही खर्ची पडते.

दोन दरवाजे

हिंदू विवाह कायदा, १९५५ अन्वये घटस्फोटाचे दोन मार्ग आहेत. पहिला कलम १३ मधील कारणांचा : व्यभिचार, क्रूरता, किमान दोन वर्षे सलग परित्याग, धर्मांतर, असाध्य मानसिक आजार, संन्यास आदी. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये वगळण्यात आले. दुसरा मार्ग परस्पर संमतीचा. तो मूळ कायद्यात नव्हता. १९७६ च्या दुरुस्तीने कलम १३ब आले. त्यानुसार पती-पत्नी किमान एक वर्ष विभक्त राहत असतील आणि दोघांनाही विवाह संपवायचा असेल, तर संयुक्त अर्ज करता येतो. अर्जानंतर सहा महिन्यांचा विचारकाळ असतो. वेगळेपणाचा काळ आधीच पुरेसा झाला असेल, मध्यस्थी निष्फळ ठरली असेल आणि पोटगी, मुलांचा ताबा आदी प्रश्न मिटले असतील, तर हा काळ न्यायालय माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये ठरवले.

इतर कायद्यांतही संमतीचा मार्ग हळूहळू रुंदावला आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये तो पूर्वीपासून आहे. ख्रिस्ती दाम्पत्यांना तो १८६९ च्या कायद्यातील २००१ च्या दुरुस्तीने मिळाला. त्यातील सक्तीचा विभक्ततेचा काळ केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात परस्पर संमतीने होणारी 'मुबारात' आणि पत्नीने मागितलेला 'खुला' हे प्रकार जुने आहेत. तात्काळ तिहेरी तलाक मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला आणि २०१९ च्या कायद्याने तो दंडनीय ठरला.

म्हणजे दोघांचे एकमत असेल तर वाट आहे. अडचण सुरू होते ती एकाने नकार दिल्यावर. तेव्हा पहिला दरवाजाच उरतो, आणि तिथे पुरावा मागितला जातो.

आरोपांची भाषा

क्रूरतेची कायदेशीर व्याख्या न्यायालयांनी गेल्या अनेक दशकांत व्यापक केली. मारहाण हवीच असे नाही. मानसिक छळ, सततचा अवमान, खोटे आरोप हेही क्रूरतेत येतात. तरीही अर्ज करणाऱ्याला प्रसंग सांगावे लागतात, तारखा द्याव्या लागतात, साक्षीदार उभे करावे लागतात. ज्या दोन माणसांचे केवळ जमले नाही, ज्यांच्यात वर्षानुवर्षे अबोला साचत गेला, त्यांनाही आपल्या कहाणीला आरोपपत्राचे रूप द्यावे लागते. त्या अर्जाला कैफियत येते, तीत उलट आरोप असतात. उलटतपासणीत शयनगृहापासून स्वयंपाकघरापर्यंत सारे काही अनोळखी माणसांसमोर उलगडले जाते.

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ नुसार पक्षकाराने मागणी केल्यास सुनावणी बंद दाराआड होते. परंतु पुराव्याची भूक त्यामुळे कमी होत नाही. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जोडीदाराच्या नकळत ध्वनिमुद्रित केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईल, असा निर्णय दिला. जोडीदारावर पाळत ठेवण्याची वेळ आली असेल, तर ते नाते मोडल्याचेच लक्षण आहे, असा त्यामागील विचार. कायदेशीरदृष्ट्या तो पटण्यासारखा असला, तरी त्याचा व्यवहारातील अर्थ असा की, ज्या घरात कुरबुर सुरू आहे तिथला प्रत्येक मोबाईल फोन संभाव्य साक्षीदार झाला आहे. दोष सिद्ध करण्याची अटच नसती, तर हे मुद्रण करण्याची गरज किती जणांना भासली असती?

एका दाव्यातून दुसरा फुटतो, तो याच कारणाने. पतीने घटस्फोट मागितला की पत्नीकडून कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज, पोटगीचा स्वतंत्र अर्ज, कधी छळाची फौजदारी तक्रार. पत्नीने घटस्फोट मागितला की पतीकडून तिने नांदायला यावे म्हणून कलम ९ खालचा दावा आणि मुलांच्या ताब्याचा अर्ज. छळाविरुद्धची फौजदारी तरतूद १९८३ मध्ये आली ती हुंड्यासाठी जाळल्या जाणाऱ्या सुनांच्या वास्तवातून. ते वास्तव संपलेले नाही. पण ठोस आरोपांशिवाय सासरच्या साऱ्या नातेवाइकांना गोवण्याच्या प्रवृत्तीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सावध केले. खऱ्या पीडितेचा आवाज अशा गर्दीत दबतो, ही त्यातील सर्वांत मोठी हानी होय.

नांदायला येण्याच्या दाव्याला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना पतीकडे जा अथवा तुरुंगवास पत्करा, असे सुनावले होते. बालपणी लावून दिलेला विवाह नाकारणाऱ्या रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली; पुढे १८८८ मध्ये तडजोड झाली आणि त्या डॉक्टर होऊन परतल्या. आज त्या दाव्यात तुरुंगवास नाही, पण कलम ९ कायद्यात आहे. डावपेच म्हणून त्याचा वापरही होतो.

मधल्या अवस्थेतील लाखो

२०११ च्या जनगणनेत प्रथमच 'घटस्फोटित' आणि 'विभक्त' यांची स्वतंत्र नोंद झाली. देशात घटस्फोटितांची संख्या सुमारे १३ लाख ६० हजार होती, तर विभक्त राहणाऱ्यांची सुमारे ३५ लाख. विभक्तांमध्ये स्त्रिया सुमारे २३ लाख, म्हणजे पुरुषांच्या जवळपास दुप्पट. भारतात घटस्फोटाचे प्रमाण जगात अत्यल्प असल्याचा अभिमान वारंवार व्यक्त होतो. पण मोडलेल्या संसारांचे खरे माप घटस्फोटाच्या हुकूमनाम्यांत सापडत नाही. ते या मधल्या अवस्थेत आहे, जिथे विवाह कागदावर आहे आणि घरात नाही.

मराठी भाषेने ही अवस्था फार पूर्वी ओळखली. 'टाकलेली', 'परित्यक्ता' हे शब्द आपल्याकडे रूढ आहेत. टाकलेल्या पुरुषासाठी मात्र तसा शब्द घडला नाही. १९८० च्या दशकात संगमनेर परिसरातून परित्यक्तांच्या हक्कांची चळवळ उभी राहिली, तिने हाच प्रश्न मांडला : जिला नवऱ्याने घटस्फोटही दिला नाही आणि नांदवलेही नाही, तिचे रेशनकार्ड कोणाच्या नावावर, तिचे छप्पर कोणते, तिच्या मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर सही कोणाची? त्यांतील काही प्रश्न शासकीय नियमांनी सोडवले. छपराचा प्रश्न तसाच आहे.

कायद्याला हे वास्तव ठाऊक नाही असे नाही. विधी आयोगाने १९७८ मधील ७१ व्या अहवालात, 'विवाह पूर्णतः मोडणे' हे घटस्फोटाचे स्वतंत्र कारण असावे, अशी शिफारस केली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला तसा विचार करण्यास सांगितले. २००९ मध्ये आयोगाने २१७ व्या अहवालात शिफारस पुन्हा केली. त्यानुसार आणलेले विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने संमतही केले; परंतु लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. तेव्हापासून ही पोकळी न्यायालये आपल्या परीने भरत आहेत. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, चार वर्षे एकत्र आणि पंचवीस वर्षे वेगळ्या राहिलेल्या दाम्पत्याच्या प्रकरणात, असे मृत नाते टिकवणे हीच दोघांवरील क्रूरता आहे, असे म्हणत विवाह संपवला.

मात्र अनुच्छेद १४२ चा अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयाला आहे. कुटुंब न्यायालय किंवा उच्च न्यायालय तो वापरू शकत नाही, आणि या कारणासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका करता येणार नाही, हेही घटनापीठाने सांगितले आहे. परिणामी, दिल्लीपर्यंत पोहोचण्याची ऐपत आणि चिकाटी असलेल्यांनाच तो मार्ग खुला आहे. सोलापूर, इंदूर किंवा हुबळीच्या न्यायालयात तारखेमागून तारीख घेणाऱ्या पक्षकाराला तो उपलब्ध नाही.

नकारामागचे कारण

मग हे कारण कायद्यात घालण्यास विरोध का होतो? ८२ वर्षांच्या त्या पत्नीच्या नकाराकडे केवळ रूढीचा पगडा म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. सामाजिक कलंकाची भीती खरीच; पण तिच्या जोडीला रोकडा हिशेबही असतो. हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा पत्नी पहिल्या वर्गाची वारस असते. घटस्फोटित पत्नीला तो हक्क नाही. सरकारी नोकराच्या विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. घटस्फोटित पत्नीला विधवा म्हणून ते मिळत नाही. वीस-पंचवीस वर्षे घर सांभाळलेल्या स्त्रीच्या नावावर अनेकदा ना घर असते, ना ठेवी. कागदावरचा विवाह हीच तिची शेवटची मालमत्ता असते, आणि ती सोडण्यास ती तयार नसेल तर त्यात नवल नाही.

कारण भारतात वैवाहिक मालमत्तेचा सर्वसाधारण कायदा नाही. संसारात मिळवलेली संपत्ती ज्याच्या नावावर, त्याची. याला महत्त्वाचा अपवाद गोव्याचा. तेथे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि विवाह संपल्यास दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो. पत्नीच्या घरकामाला वेगळा भाव लावण्याची गरज तिथे पडत नाही, कारण तिचा वाटा दयेवर अवलंबून नसतो. २०१३ च्या विधेयकातही ही जाणीव होती : तीन वर्षांच्या विभक्ततेनंतर घटस्फोट मागता येईल, पण गंभीर आर्थिक हलाखी ओढवणार असेल तर पत्नीला विरोध करता येईल आणि पतीच्या स्थावर मालमत्तेतून तिला वाटा देता येईल, अशी त्यात तरतूद होती. सुटकेचा हक्क आणि संपत्तीतील वाटा यांची ती सांगड होती. पुढच्या चर्चेत त्यातले पहिले घेऊन दुसरे सोडले, तर तो कायदा बलवानाच्या सोयीचा ठरेल.

सध्या ही उणीव पोटगीने भरून काढावी लागते. आणि पोटगीचा अनुभव काय? कायदा सांगतो, अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. मूळ दावाही सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवलेल्या अंतरिम पोटगीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२० मध्ये संपला. त्या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले : दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू व्हावी. डिसेंबर २०२४ मध्ये कायमस्वरूपी पोटगीसाठी विचारात घ्यायचे घटक न्यायालयाने एकत्र मांडले. त्यांत कुटुंबासाठी सोडलेल्या नोकरीचाही समावेश आहे. त्याच महिन्यातील दुसऱ्या निकालात, पोटगी ही पतीच्या संपत्तीशी बरोबरी साधण्याचे साधन नव्हे, असेही बजावले. धर्माच्या कारणाने पोटगी नाकारता येणार नाही, हे जुलै २०२४ च्या निकालाने अधोरेखित केले. शाहबानो प्रकरणातील १९८५ च्या निकालापासून सुरू झालेल्या वादाचे एक वर्तुळ त्यामुळे पूर्ण झाले.

मुलांच्या वाट्याचे

दोषाच्या लढाईत सर्वाधिक किंमत मोजतात ती मुले. कायद्याचे तत्त्व निःसंदिग्ध आहे : मुलाचे हित सर्वोपरी. हिंदू कायद्यानुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणतः आईकडे असतो. पण 'आई की बाबा' हा प्रश्न ज्या वातावरणात विचारला जातो, तिथे मूल स्वतःच एक पुरावा होऊन बसते. आठवड्यातून दोन तासांची भेट, न्यायालयाच्या आवारातील खोली, बाहेर ताटकळणारे आजी-आजोबा, हे चित्र कुटुंब न्यायालयांत नवे नाही. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त पालकत्वाची संकल्पना कायद्यात आणण्याची शिफारस केली. ती अद्याप संसदेच्या पटलावर कायद्याच्या रूपाने आलेली नाही. पती-पत्नी म्हणून विभक्त झालेली माणसे आई-बाप म्हणून विभक्त होऊ शकत नाहीत, हे समुपदेशक सांगतात. आरोपांच्या तीन-चार वर्षांनंतर ते पाळणे मात्र दोघांच्याही आवाक्यात राहत नाही.

मनाचा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेरचा मानला जातो. परंतु घटस्फोट हा शोक आहे. मृत्यूनंतरच्या शोकाला समाजाने दहावे-तेरावे दिले, भेटायला येणारी माणसे दिली. मोडलेल्या संसाराच्या शोकाला चौकशा आणि कुजबुज मिळते. स्त्रीला माहेरी 'परत आलेली' म्हणून राहावे लागते. पुरुषाला रडण्याची मुभा नसते, म्हणून तो रागावतो. त्या रागाला दाव्याच्या कागदांत जागा मिळाली की तो वाढतच जातो.

आहे त्या कायद्यात

संसद हा प्रश्न हाती घेईपर्यंत काही वाटा उपलब्ध आहेत आणि त्यांची माहिती अनेकांना नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीला, उत्पन्नाची अट न ठेवता, मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज पुरेसा असतो. पत्नीला ती सध्या राहत असलेल्या ठिकाणी अर्ज दाखल करता येतो. पती बंगळुरूत असला तरी सांगलीला माहेरी आलेल्या स्त्रीने बंगळुरूला जाण्याची आवश्यकता नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी हा हक्क असू शकतो, असे सांगितले. स्त्रीधन हे केवळ स्त्रीचेच असते. आणि कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशक व मध्यस्थी ही केवळ औपचारिक पायरी नव्हे. पोटगी, मुले आणि सामान यांचा निपटारा तिथे झाला, तर कडवट दावाही परस्पर संमतीच्या अर्जात बदलता येतो.

समुपदेशनाचे ध्येय मात्र नीट ठरवावे लागेल. प्रत्येक संसार जोडण्याचा आग्रह, विशेषतः जिथे हिंसा आहे तिथे, घातक ठरू शकतो. कमीत कमी जखमांनी वेगळे होणे हेही समुपदेशनाचे यशच मानले पाहिजे.

१९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला तेव्हा घटस्फोटामुळे कुटुंबसंस्था कोसळेल, अशी भीती व्यक्त झाली होती. त्याआधी १९३१ मध्ये बडोदे संस्थानाने आणि १९४७ मध्ये मुंबई प्रांताने असे कायदे केले होते, आणि अनेक जातींत काडीमोडीची रूढी त्याहून कितीतरी जुनी होती. कुटुंबसंस्था टिकली. आज प्रश्न ती टिकवण्याचा नाही. जे नाते संपले आहे, त्याचा शेवट करण्यासाठी दोन माणसांना एकमेकांचे शत्रू व्हावे लागू नये, आणि शेवटानंतर दोघांपैकी कोणीही उघड्यावर पडू नये, एवढीच अपेक्षा आहे. ८९ आणि ८२ वर्षांच्या त्या दाम्पत्याचा दावा सत्तावीस वर्षे चालला. वाटा आणि निवारा आधीच सुरक्षित असता, तर तो इतका लांबला असता का, याचे उत्तर न्यायालयाला देता येणार नाही. ते संसदेला द्यावे लागेल.